गेटवरच्या चांगुणामावशी

सकाळी पावणेसात वाजता आमच्या शाळेच्या गेटवर चांगुणामावशी डोळे मिटून उभ्या असतात. नवीन पालकांना वाटतं, बाई उभ्या उभ्या झोपल्यात किंवा देवाचं नाव घेतायत. दोन्ही खोटं. त्या खोकले ऐकत असतात.

"थांब रं," त्या डोळे न उघडता म्हणतात, आणि पोरांच्या लोंढ्यातलं नेमकं एक पोर जागच्या जागी थिजतं. "ह्यो खोकला आजचा न्हाय. परवापास्नं हाय. आईला बोलव."

"मावशी, पाणी पिताना ठसका लागला."

"ठसका गल्यात लागतो. ह्यो खालून आलाय. खोकला खोटं बोलत न्हाय. तू बोलतोस."

मी या शाळेत तिसरीला शिकवते. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची दुमजली शाळा. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडची, सगळ्या घरची मुलं. मावशी शाळेच्या शिपाई. रोज मुर्ध्याहून येतात. वय रिटायरमेंटच्या अलीकडे दोन वर्षं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंबाड्यावर अबोलीचा लहानसा गजरा आणि हाताचे तळवे मिठागरात काम करून खडबडीत झालेले. तो हात त्या पोरांच्या मानेला मागून लावतात, थर्मामीटरसारखा. कपाळाला कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कपाल आई ओल्या फडक्यानं पुसून देते. मान विसरते."

मावशी कुणाला भीत नाहीत, असं शाळेत सगळे म्हणायचे. मला उलट वाटायचं. त्या सतत घाबरलेल्या असत. फक्त त्यांची भीती आरडाओरडा करायची नाही, कामाला लागायची.

ती कामाला लागली दोन वर्षांपूर्वी, एक डॉक्टरीणबाई शाळेत फ्लूबद्दल बोलायला आल्या तेव्हा. आम्ही शिक्षक मागच्या बाकांवर बसून चाचणीचे पेपर तपासत होतो. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि भाषण संपेपर्यंत ट्रे धरून तिथेच उभ्या राहिल्या. चहा गार झाला. पण त्या भाषणातला शब्द न् शब्द आज शाळेत कुणाला येत असेल तर त्यांनाच. नंतर फ्लूची सुई टोचायला त्याच डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा कुणाचा उपास निघाला, कुणाला परीक्षेचं काम निघालं. माझा हात दुखत होता. मावशी मात्र बाही वर करून पहिल्या उभ्या.

तेव्हापासून "डॉक्टरीणबाई बोलली" हे आमच्या शाळेचं ब्रीदवाक्य झालं. डॉक्टरीणबाई बोलली म्हणून सगळ्या वर्गांच्या खिडक्या उघड्या. माझा भारताचा नकाशा दोनदा वाऱ्याने उडून खाली भाजीवाल्याच्या हातगाडीवर पडला. डॉक्टरीणबाई बोलली म्हणून शिंक कोपरात. वार्षिक समारंभात हेडसर बक्षिसं द्यायला उठले आणि त्यांनी सवयीने तळहातात शिंक दिली. स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या मावशी माइकला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "सर, हात." सगळे पालक बघत होते. हेडसर मुकाट्याने खाली उतरले, नळावर गेले, हात धुऊन परत आले आणि मग पहिलं बक्षीस दिलं.

हात धुण्याचा तर मोठाच प्रकार झाला. साबण किती वेळ चोळायचा हे पोरांना कळेना, म्हणून मावशींनी माप ठरवलं. दहा मासे. सावकाश दहा मासे म्हणून होईपर्यंत साबण हातावर. त्यामुळे मधल्या सुट्टीत नळांच्या रांगेतून आवाज यायचा, "बोंबील, मांदेली, पापलेट, सुरमई, रावस..." आणि शेवटी "निवटी" म्हणून पाणी.

पंधरा दिवसांनी दुसरीतल्या निधीची मम्मी हेडसरांच्या केबिनमध्ये आली. त्यांचं बाजारात फरसाणचं दुकान आहे, घरात कांदासुद्धा येत नाही. "सर, हमारी निधी खाने से पहले बेसिन पे मछलियों के नाम बोलती है," ती म्हणाली. "उसकी दादी ने दो दिन से खाना नहीं खाया."

हेडसरांनी मावशींना बोलावून भाज्या लावायला सांगितल्या. मावशींनी इमानदारीने भेंडी, गवार, तोंडली सुरू केलं. आठवड्याने केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, "सर, भाजी पटापट संपते. तोंडलीपतूर पोरा साबन टाकून पलतात." शेवटी ज्याने त्याने आपल्या घरी चालेल ते म्हणावं असं ठरलं. निधी घरी भाज्या म्हणायची आणि शाळेत मासे. दहाच्या दहा, न चुकता.

मावशींचं एका गोष्टीशी मात्र उघड वैर होतं. आमच्याकडे शंभर टक्के हजेरीला मेडल द्यायचे. "ताप घेऊन येनाऱ्याला मेडल," त्या म्हणायच्या. "सर, ह्ये मेडल न्हाय, ह्ये आवतन हाय." हेडसर हसायचे. आम्हीही हसायचो. माझी मुलगी सई दुसरीत होती, निधीच्या बाकावर, आणि त्या वर्षी दोघींनी मिळून मेडल आणायचं ठरवलं होतं.

गणपतीची सुट्टी संपली, पोरं गावाहून परत आली आणि शाळा खोकायला लागली. सुरुवातीला एखाद-दुसरा खोकला, मग प्रत्येक वर्गातून. मावशी डोळे मिटून उभ्या राहायच्या, पण आता त्यांचे ओठ हलायचे. कितवा, कोणाचा, कुठून, सगळं मनात धरून ठेवत असाव्यात. एका दिवसात त्यांनी सात पोरं परत पाठवली. पालक चिडले. एक बाप म्हणाला, "मावशी, घरी कोण आहे याला बघायला? आम्ही दोघं कामावर." मावशींना उत्तर देता आलं नाही. 

रविवारी संध्याकाळी सईला ताप आला. सोमवारी तिची चाचणी होती, माझी एकही रजा उरली नव्हती आणि माझे मिस्टर काशीमीऱ्याच्या एका गोदामात नवीनच सुपरवायझर म्हणून लागले होते. सकाळी मी सईला तापाचं औषध दिलं. अर्ध्या तासात अंग गार झालं. "मी जाणार," ती म्हणाली. "मेडल जाईल." मला तेवढंच निमित्त पुरलं.

गेटवर मावशींनी डोळे उघडले. हात सईच्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"बाई, हिचं अंग..."

"धावत आलोय मावशी आम्ही. उशीर झाला ना."

आम्ही धावत आलो नव्हतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाई होते, त्या शिपाई. "तुमी सांगताय म्हनून," त्या म्हणाल्या आणि हात काढला.

साडेदहाला दुसरीच्या बाई सईला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आल्या. ताप परत चढला होता, डोळे लाल. सुटेपर्यंत तिला व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर, वाऱ्याला बसवलं. मावशी तोंडाला मास्क लावून तिच्याजवळ बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवत. मी मधल्या सुट्टीत गेले तेव्हा त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारपर्यंत दुसरीचा वर्ग अर्धा रिकामा झाला. चार शिक्षक घरी. हेडसरांनी पहिली-दुसरी सोमवारपर्यंत बंद ठेवली. माझ्या मिस्टरांनी मंगळवारपासून तीन दिवस रजा काढली, आणि मी शाळेत रिकाम्या बाकांकडे बघत पाढे म्हणून घेत होते. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की माझा खडू थांबायचा.

सईला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तापापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. बरगड्या आत ओढल्या जातायत का बघा, ओठ निळसर दिसतात का बघा, पाणी पिणं बंद केलं तर लगेच घेऊन या. त्यामुळे घरी आले की मी सईचा फ्रॉक वर करून तिच्या बरगड्या बघत बसायची. पाच मिनिटांनी परत. सई म्हणायची, "मम्मी, काय बघतेस?" मी म्हणायची, काही नाही.

गुरुवारी दुपारी कळलं, निधीला ॲडमिट केलं. तिला आधीपासून दमा होता, छातीत न्यूमोनिया झाला होता, ऑक्सिजनवर ठेवली होती.

मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात एकच बाक दिसत होता आणि त्यावर खेटून बसलेल्या दोन मुली. शाळा सुटल्यावर मी पर्स घेऊन निघाले, तर गेटवर मावशी चप्पल घालून तयार.

"मी पन येते," त्या म्हणाल्या.

आम्ही रिक्षा केली. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर काचेपलीकडे निधी दिसली. एवढंसं तोंड आणि त्यावर तो मोठा मास्क. बाहेरच्या बाकावर तिची मम्मी बसली होती, एका पायात चप्पल, एक कुठेतरी निघालेली. मी तिच्यासमोर उभी राहिले. बसायचा धीर होईना.

"भाभी," मी म्हणाले, "सोमवार को सई को बुखार था. मैंने दवाई देके स्कूल में बिठाया. निधी के बाजू में."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता ओरडेल. तिने ओरडावंच असं वाटत होतं.

"निधी को शनिवार से था," ती अगदी हळू म्हणाली. "सोमवार को मैंने भी सिरप पिलाया. और जान-बूझके लेट लायी, मॅडम. मावशी गेट से हटी, तब छोडा."

मग ती रडायला लागली आणि मीसुद्धा. मावशींनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः दोघींच्या मध्ये बसल्या. म्हणाल्या, "कोनी कोनाला दिला ते ताप सांगत न्हाय. पोर उठू दे." मग काचेकडे बघत, "मी हात काडला त्या दिवशी. मना कलत होतं, आनि मी हात काडला." त्यांचा खडबडीत तळवा मांडीवर उलटा पडला होता.

शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर प्रश्न होता. मिस्टरांची रजा संपली होती. हेडसरांचा फोन आला होता की बाई, कसंही करून या, तीन वर्गांना मिळून एक शिक्षक आहे. माणगावहून सासूबाई यायला तयार होत्या, पण त्या सत्तरीच्या, डायबेटिस असलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, म्हाताऱ्या माणसांना अजिबात बोलवू नका. सई पाणीसुद्धा जेमतेम घोटभर घेत होती. तिच्या बरगड्या बघून मी नुकतीच उठले होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात चांगुणामावशी. तोंडाला मास्क, हातात स्टीलचा डबा.

"तुमी जा शालेत," त्या आत येत म्हणाल्या. "मी बसते."

"मावशी, तुमची ड्युटी?"

"रजा टाकलीय. लई साठलीय माझी. कुठं लग्नाला जायाचं न्हवतं." त्यांनी डबा उघडला. भाताची पेज होती, वर मिठाचा खडा. "सई, ऊठ बाय. दोन चमचे माझ्या नावाचे."

माझ्या हातून दोन दिवस घोटाच्या वर पाणी न पिणारी पोर उठून बसली.

मी शाळेत गेले. तीन वर्गांसमोर उभी राहून काय शिकवलं ते आठवत नाही. दर तासाला फोन करायची आणि मावशी तेच सांगायच्या, "श्वास बरा हाय. बरगडी हलत न्हाय. मुतली पोर दोनदा." हा शेवटचा तपशील मी विचारला नव्हता, पण डॉक्टरीणबाई बोलली होती की लघवी झाली म्हणजे पाणी पोटात आहे.

शनिवार, रविवार मी घरीच होते. सोमवारी मावशी परत आल्या आणि गुरुवारपर्यंत रोज येत राहिल्या. रविवारी निधीचा ऑक्सिजन काढला. तिच्या मम्मीने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "मॅडम, उसने खिचडी माँगी." सईचा ताप सोमवारी उतरला. मी बुधवारी तिला पाठवायचा विचार करत होते, तर मावशी म्हणाल्या, "औषधाबिगर एक अख्खा दिस जाऊ दे." मी मान हलवली. शुक्रवारपर्यंत पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात हेडसरांनी हजेरीचं मेडल बंद केलं. नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. रजेवरून परतल्यावर मावशींनी ती फळ्यावर लावली आणि चार कोपऱ्यांना चार पिना मारल्या, उडू नये म्हणून.

त्या मंगळवारी संध्याकाळी मला आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात एक बाई भेटल्या. त्यांचा मुलगा चौथीत, तोही तापाने घरी होता. "तुमच्या मावशी नसत्या तर माझी नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी दोन ते पाच त्याच्याजवळ बसतात." मी चकित झाले. मावशी माझ्याकडून दीड वाजता निघायच्या. मला वाटायचं, घरी जातात. चौकशी केली तेव्हा कळलं, आणखी एक घर होतं, बाजारापलीकडे, तिथे त्या सहा-साडेसहापर्यंत असायच्या. ज्या बापाला मावशी गेटवर उत्तर देऊ शकल्या नव्हत्या, त्याचंच ते घर.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला त्या घरी जाण्याआधी सईला एकदा बघायला आल्या. मानेला हात लावला, समाधान झालं, निघाल्या. मी त्यांना दारात अडवलं.

"मावशी, बसा. जेवून जा. आणि मला सांगा, तुम्ही तीन-तीन घरी तापाच्या पोरांजवळ बसता. तुमचं वय काय. तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"यंदाबी सुई घेतलीय मी. तोंड बांधते, हात धुते."

"तरी होऊ शकतं. तुम्हीच आम्हाला सांगत असता."

"होईल. मना ठाव हाय." त्या चपलेत पाय सरकवत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "पन बाई, तुमच्या घरी सई हाय, साहेब हायत, सासू हाय. निधीच्या घरी तिची दादी हाय. कोनी ना कोनी हायच प्रत्येकाच्या घरी, म्हनून भ्या वाटतंय. माझ्या घरी कोन हाय, ज्याला मी ताप नेऊन दीन?"

अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. हिशेब जुळला म्हणून बऱ्याच दिवसांपूर्वी मिटवून टाकलेल्या गोष्टीसारखं.

जेवायला त्या थांबल्या नाहीत. जिन्यावरून चार पायऱ्या उतरल्या असतील, तेव्हा सई माझ्यामागून येऊन दारात उभी राहिली.

"मावशी, घरी पोचलात की फोन करा," ती म्हणाली. आमच्याकडे कुणीही गेलं की आम्ही हे म्हणतोच. तिने सवयीने म्हटलं.

मावशी थांबल्या. वळून वर बघितलं. "मी?"

"हो. पोचलात की."

मावशी कठड्याला हात लावून हळूहळू उतरत गेल्या.

साडेसात वाजले, पावणेआठ वाजले. मी दोनदा फोनकडे बघितलं. मुर्ध्याची बस कधी वेळेवर येत नाही, हे माहीत असूनही मनात नको नको ते येत होतं. आठला पाच कमी असताना फोन वाजला. सईने घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"पोचले," मावशींचा आवाज आला.

सई म्हणाली, "बरं मावशी."

फोन बंद झाला नाही. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, लांब कुठेतरी बांधकामाची ठकठक चालू होती. त्या तशाच धरून होत्या. मग जरा दबकत, शाळेत पहिल्या दिवशी आलेलं पोर विचारतं तसं, त्यांनी विचारलं, "आनि काय सांगायचं असतं, बाय?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जेवलात का, ते सांगायचं."

"आजून न्हाय," मावशी म्हणाल्या. "आता वाढून घेते."